औंधच्या टेकडीवरचा यूरोप

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे पूर्वेकडे निघाले, की कृष्णाकाठची हिरवी शेते हळूहळू मागे पडू लागतात. उसाची जागा ज्वारी घेते, पुढे ज्वारीही विरळ होते आणि बोडक्या माळांचा मुलूख सुरू होतो. येथे पावसाचा हात नेहमीच आखडता. अशा या मुलखात औंध हे लहानसे गाव आहे. गावाच्या डोक्यावर यमाईची टेकडी आहे, टेकडीच्या माथ्यावर देवीचे देऊळ आहे आणि चढणीच्या वाटेवर एक प्रशस्त इमारत उभी आहे. देवीच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू धाप टाकण्यासाठी येथे थांबतो आणि सहज आत डोकावतो, तो एकदम सातासमुद्रांपलीकडे जाऊन पोहोचतो! भिंतींवर यूरोपातील नामांकित चित्रांच्या नकला, मधल्या जागेत पाश्चात्त्य मूर्तींच्या प्रतिकृती. आताच तर खाली एस. टी.तून उतरलो होतो, मग हे कोठे आलो, असे त्याला वाटावे.

ही करामत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची. १८६८ साली जन्मलेले बाळासाहेब औंध संस्थानचे राजे होते. संस्थान कसले, अवघ्या ७२ गावांचे! तीही सलग नव्हती. नकाशावर शाई शिंतडावी तशी विखुरलेली होती. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातील आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. राजा मात्र मोठा रसिक. तो स्वतः चित्रे काढी, कीर्तन करी, आणि सूर्यनमस्कारांचे तर त्याला वेडच होते.

१९३६ साली बाळासाहेब राणीसाहेबांसह यूरोपच्या प्रवासाला गेले. तेव्हा त्यांचे वय ६८ होते. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब त्या काळात विलायतेतच ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आईवडिलांनी जावे आणि त्या निमित्ताने चार देश पाहावेत, ही गोष्ट आज सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत घडते. परतताना पेटीत काय काय असते? गोळ्या-चॉकलेटे, एखादे घड्याळ, एखादा लोकरी कोट. त्यात वावगे काही नाही. पण बाळासाहेबांच्या मनात निराळेच घोळत होते. यूरोपातील चित्रशाळा पाहायला आपल्या औंधचा शेतकरी कधी जाणार? तो जाऊ शकत नसेल, तर ती चित्रशाळाच त्याच्या वाटेत आणून ठेवली पाहिजे. वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह त्यांच्यापाशी होताच. त्यात रविवर्म्याची चित्रे होती, हस्तिदंताचे नाजूक काम होते. त्या सर्वांसाठी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभे राहिले. राजवाड्याच्या बंद दालनात न ठेवता त्यांनी ते देवळाच्या वाटेवर ठेवले, यातच त्यांचे सारे मन कळते.

पाण्यासाठी मैल मैल चालावे लागणाऱ्या मुलखात चित्रांवर पैसा खर्च करावा काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील. तो प्रश्न गैर नाही. चित्राने घागर भरत नाही, हे खरेच आहे. परंतु याच औंधात गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय होती, म्हणून साने गुरुजी लहानपणी कोकणातून येथे शिकायला आले होते, आणि पुढे माणदेशातल्या शेटफळे गावचे गजानन दिगंबर माडगूळकरही याच गावच्या शाळेत शिकले. ज्याने आधी शाळा चालवली, त्याने पुढे चित्रे मांडली, तर त्याला निव्वळ शौक म्हणता येणार नाही.

सुटीत घरच्या मंडळींबरोबर औंधला जाणाऱ्या मुलांनी सकाळी लवकर निघावे. उन्हे चढली की टेकडी दमवते. बरोबर पाणी असावे. रेल्वेने जायचे तर पुणे-मिरज मार्गावरील रहिमतपूर स्टेशनात उतरून पुढे मोटारीने जावे लागते. संग्रहालयात शिरल्यावर दालनांमागून दालने धावत पाहून संपवण्याची घाई करू नये. शंभर वस्तूंवरून नजर फिरवण्यापेक्षा एका वस्तूपुढे पाच मिनिटे उभे राहणे केव्हाही चांगले. ती एक वस्तू कोणती, असे कोणी विचारील, तर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे दगडी शिल्प शोधावे. प्रथमदर्शनी ते नवलाचे वाटते. नाक-डोळे रेखीव नाहीत, दागिने नाहीत, वस्त्रांच्या चुण्या नाहीत. 'ही कसली आई?' असे एखादे धाकटे भावंड म्हणेलही! त्याला गप्प करू नये. जरा बाजूला सरकून, मग आणखी थोडे सरकून पाहायला सांगावे. मोठमोठ्या शहरांतील लोक ज्याची शिल्पे पाहायला गर्दी करतात, त्याच्या हातचा हा दगड खटाव तालुक्यात आहे, हे साताऱ्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते.

यूरोपातून औंधला जसे काही आले, तसे औंधहून यूरोपातही गेले. लंडनच्या मुक्कामात लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी बाळासाहेबांची गाठ घेतली. त्यांच्याकडून सूर्यनमस्काराची रीत समजून घेऊन तिने वृत्तपत्रात लेख लिहिले आणि १९३८ साली लंडनमध्ये त्याचे इंग्रजी पुस्तकही निघाले. पाहुणा म्हणून गेलेला राजा जाता जाता यजमानांनाच व्यायाम शिकवून आला.

पुढे उलट दिशेने एक प्रवासी आला. मॉरिस फ्रिडमन हा मूळचा पोलंडचा एंजिनियर. बंगळूरच्या कारखान्यात काम करीत असता त्याचा विलायतेहून परतलेल्या अप्पासाहेबांशी स्नेह जुळला आणि तो औंधला आला. त्याच्या आणि अप्पासाहेबांच्या खटपटीने, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, बाळासाहेबांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. राजेपण आपण होऊन खाली ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्याच फ्रिडमनच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसली. ती कैद्यांची वसाहत, पण तिला भिंत नाही! कैद्यांनी तेथे बायकामुलांसह राहावे, शेत कसावे आणि दिलेल्या शब्दाला जागून पळून जाऊ नये, एवढाच काय तो पहारा.

त्या उजाड माळावर वाढलेली ही गोष्ट शेटफळ्याच्या माडगूळकरांनी कथेत गुंफली. व्ही. शांताराम यांनी तिच्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली काढला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वल हा मान मिळाला. बर्लिनच्या प्रेक्षकांनी पडद्यावर एक जेलर आणि त्याचे सहा कैदी पाहिले. ते पाहायला बाळासाहेब मात्र नव्हते. १९५१ सालीच त्यांचे निधन झाले होते. टेकडीवरचे त्यांचे संग्रहालय आजही तेथे आहे, आणि यमाईच्या यात्रेला आलेली माणसे पायातल्या वहाणा दाराशी काढून, देवळात शिरावे तशी आत शिरतात.