माझी गुप्त कमाई

२०२५ सालच्या चैत्रांत आमच्याकडे हळदीकुंकवास आलेल्या एका मैत्रिणीनें मला बाजूस घेऊन विचारलें, “तूं म्हणे दुकानांतून नुसती हिंडतेस आणि त्याचे तुला पैसे मिळतात?” हिंडतें हें खरें होतें, पैसे मिळतात हेंही खरें होतें, पण हातीं उरतात किती, हें मात्र मला सांगतां आलें नाहीं.

ज्या भगिनींस हा व्यवसाय परिचित नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतें. मोठ्या दुकानांचे किंवा उपाहारगृहांचे चालक आपलीं माणसें गिऱ्हाइकांशीं कशीं वागतात हें पाहण्यासाठीं ओळख न देणारें गिऱ्हाईक पाठवितात. त्यास ‘मिस्टरी शॉपर’ म्हणतात. आपण गुप्त ग्राहक म्हणूं. काम मधल्या कंपनीकडून मोबाईलवर येतें. सांगितल्या वेळीं जावयाचें, नेमलेले प्रश्न विचारावयाचे, कांहीं लहानसें विकत घ्यावयाचें आणि बहुधा चोवीस तासांच्या आंत लांबलचक अहवाल भरून द्यावयाचा. खरेदीची रक्कम आधीं पदरची. ती आणि मेहनताना महिन्या-दोन महिन्यांनीं हातीं येतो. आपण कोणाचे नोकर नसतों, त्यामुळें रजा, भत्ता, विमा यांचें नांव नाहीं. (नांव नोंदविण्यासाठींच कोणी पैसे मागूं लागला, तर तेथूनच परतावें. खरी कंपनी ते मागत नाहीं.)

मला एका कामाचे ३५० रुपये मिळत. महिन्यास बारा कामें, म्हणजे ४२०० रुपये. पुतणीच्या गाण्याच्या शिकवणीची फी यापुढें माझ्या कमाईंतून जाईल, असें मीं पंगतींत सर्वांसमक्ष सांगितलें होतें, आणि त्या वेळीं सासूबाईंनीं माझ्याकडे ज्या कौतुकानें पाहिलें तें मी विसरलें नव्हतें.

मैत्रीण गेल्यावर रात्रीं मी वही घेऊन मामंजींपाशीं बसलें. त्यांचा सारा जन्म हिशेब तपासण्यांत गेलेला.

“एका कामास वेळ किती लागतो?”

“पाऊण तास.”

“तो दुकानांतला. सूचना वाचावयास? जाण्यायेण्यास? अहवाल लिहावयास?”

बेरीज केली तों चार तास झाले. बारा कामांचे अठ्ठेचाळीस!

“आणि स्कूटरचें पेट्रोल कोण भरतें?”

येथें मी गप्प झालें. पेट्रोल घरखर्चांतून येत असे. एका कामामागें सरासरी बावीस किलोमीटर, म्हणजे महिन्यास २६४. पेट्रोलचा भाव लिटरला शंभराच्या वर. तरी मी केवळ पेट्रोलच धरीत होतें. टायर, तेल, विमा आणि गाडीची झीज मामंजींनीं मिळविली आणि किलोमीटरला चार रुपये लावले. मला तें फार वाटलें. पण न्यू जर्सीस असलेल्या माझ्या नणंदेनें फोनवर सांगितलें, कीं तिकडे स्वतंत्र धंदा करणाऱ्यांस कामासाठीं चालविलेल्या मोटारीबद्दल करखातें २०२५ सालीं मैलास ७० सेंट खर्च मान्य करतें, आणि त्यांतही झीज, विमा, दुरुस्ती हें सारें धरलेलें असतें.

तेव्हां वाहनाचे १०५६ रुपये, पार्किंग व चहा २४०, मोबाईल १००. शिवाय एक अहवाल नापास झाला होता. विक्रेत्याचें नांव टिपून घ्यावयास मी विसरलें, म्हणून मेहनताना बुडालाच, पण खरेदीचे ४८० रुपयेही परत आले नाहींत. हातीं आलेल्या ३८५० मधून हे सर्व वजा जातां उरले १९७४ रुपये, म्हणजे तासाला एकेचाळीस! आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई याहून पुष्कळ अधिक घेतात, आणि योग्यच घेतात.

पुतणीची फी मी देत होतें खरी, पण तिचा कांहीं भाग मामंजींच्या पेन्शनांतून पेट्रोलच्या वाटेनें माझ्याकडे येत होता. त्याहून जिव्हारीं लागली ती दुसरी गोष्ट. कंपनीच्या एका शिकवणीवर्गांत एक बाई भेटल्या होत्या. एकट्या, मुलाचें शिक्षण याच कामावर चालविणाऱ्या. त्या म्हणाल्या होत्या, “तुमच्यासारख्या भरल्या घरांतल्या बायका कोणत्याही भावाला हो म्हणतात; मग आमचा भाव वाढणार कसा?” त्या वेळीं मला राग आला होता. आतां वही समोर होती.

भाव ठरविणें आमच्या हातीं नाहीं, नाहीं म्हणणें मात्र आहे. तासाला दीडशें रुपये धरले तर चार तासांचे ६००. त्यावर वाहन व किरकोळ खर्च ११६. आणि नापास कामाचें नुकसान बारांवर वांटलें तर प्रत्येकीं सत्तर. म्हणजे आठशेंच्या आंत लांबचें काम परवडत नाहीं. एकाच रस्त्यावर दोन कामें मिळालीं, किंवा अहवाल आखूड असला, तर कमींतही जमतें. मीं तसें कळविलें. दोन आठवडे फोन आला नाहीं! पुतणीची फी त्या महिन्यांत भावजींनीं भरली. मला पंगतींत पुन्हां बोलावें लागलें, आणि तें पहिल्या बोलण्याइतकें सोपें नव्हतें.

सत्तावीस तारखेस फोन आला. महिना संपत आला, कीं न गेलेल्या कामांचा भाव कंपन्या वाढवितात; घरापासून पायीं जाण्याजोग्या एका दुकानाचे त्यांनीं सातशें देऊं केले. मीं घेतलें.

पुढच्या महिन्यांत पांचच कामें झालीं. त्यांतल्या तिहींना स्कूटर लागली, सारी मिळून साठ किलोमीटर. २४० रुपये मामंजींपुढें ठेवले. त्यांनीं चष्मा लावून ते मोजले आणि विचारलें, “पावती हवी का?”