पट्टीच्या अलीकडे

आमचा कारखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. उद्यमबागेत पत्र्याची एक शेड, त्यात चार लेथ, दोन ड्रिल, एक मिलिंग आणि तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेलं एक सीएनसी. सासऱ्यांनी सुरू केलेला, आता हे बघतात. हिशेब आणि माणसांची भरती माझ्याकडे. पूर्वी भरती म्हणजे काय, फाटकावर "टर्नर पाहिजे" अशी पाटी लावली की दुपारपर्यंत दोघंतिघं येऊन उभे राहायचे. आता पाटी पावसात धुऊन निघते, पण कोणी फिरकत नाही. दोन वर्षं आयटीआयमध्ये टर्नर, फिटर शिकलेली पोरं गोव्याला वेर्ण्यात जातात, नाहीतर पुण्याला चाकणमध्ये. खानापूरकडची तर आमच्या दारावरूनच बसने जातात.

"काकू, आता पाटी कोण वाचतंय? व्हिडिओ करूया," पुतण्या म्हणाला. बाहेरून माणूस बोलावायचा खर्च परवडणार नव्हता. हातातला मोबाईल पुरे, असं त्याचं म्हणणं.

पहिला प्रयत्न माझ्यावरच झाला. ऑफिसच्या खिडकीपुढे उभी राहिले, कागद बघून वाचलं. संध्याकाळी घरी सगळ्यांनी मिळून पाहिलं. खिडकीतला उजेड पाठीमागून आल्यामुळे माझं तोंड काळंठिक्कर, डोक्यावरच्या पंख्याची घरघर माझ्यापेक्षा मोठी, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. शिवाय एकूण अवतार बँकेत केवायसीला उभं केल्यासारखा. जाऊबाई हसून हसून बेजार झाल्या. चित्र धुरकट का, हे शोधताना लक्षात आलं की मागच्या भिंगावर सकाळच्या कणकेचं बोट उमटलेलं होतं.

मग मात्र आम्ही दोघांनी नेटाने शिकून घेतलं. तुमच्यापैकी कुणाला दुकानासाठी, शाळेसाठी असं काही करायचं असेल तर सांगते. पुढचा कॅमेरा चेहरा बघायला बरा, चित्रणाला मागचाच घ्यावा. उजेड पाठीशी नको, खिडकीकडे तोंड करून जरा तिरकं बसावं. मोबाईल हातात धरू नये, तिपाईवर बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावावा. झूम करू नये, जवळ जावं. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे पक्के होतात, नाहीतर मागे कोणी वेल्डिंग पेटवलं की चेहरा अंधारात जातो. आणि मोबाईल विमान मोडवर टाकावा. आमच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये माझ्या बहिणीचा फोन आला होता.

शेडमध्ये आणखी एक भानगड निघाली. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावरून काळसर पट्टे सरकत होते. मला वाटलं मोबाईल गेला. पुतण्याने कुठूनसं शोधून काढलं की आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, तिच्याशी कॅमेऱ्याचा मेळ बसायला हवा. सेकंदाला 25 चित्रं आणि शटर 1/50 केल्यावर पट्टे गेले.

पण सगळ्यात महत्त्वाचा आवाज. चित्र थोडं कमीजास्त असलं तर माणूस बघतो, आवाज कळला नाही तर लगेच पुढे सरकतो. म्हणून कॉलरला लावायचा छोटा माईक घेतला. ऑफिसमधला घुमारा घालवायला घरच्या चार गोधड्या नेऊन कॅमेऱ्यामागे दोरीवर टाकल्या. आषाढ चालू होता. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की सगळे मुकाट्याने चहा प्यायचे.

मुख्य चित्रण सुट्टीच्या दिवशी ठेवलं. दोघांसाठी दोन मशिनं चालू, बाकी सगळं बंद. पुतण्याने जमिनीवर पिवळी चिकटपट्टी मारली. "ह्या पट्टीच्या पलीकडचं कॅमेऱ्यात येत नाही." झालं! सगळ्यांना चेव चढला. भंगाराचे डबे पलीकडे, तेलकट चिंध्या पलीकडे, मोडका स्टूल पलीकडे. तपासणीला असलेली मुलगी हसत म्हणाली, "काकू, आमच्या संडासाचं दार आधीपासूनच पलीकडं आहे, बरं झालं." त्या दाराची कडी आठ महिने तुटलेली होती. मी ऐकलं आणि कामाच्या गडबडीत सोडून दिलं.

मग मामांना बसवलं. मामा सासऱ्यांच्या वेळेपासूनचे टर्नर. नाव वेगळं आहे, पण उद्यमबागेत निम्मी माणसं त्यांना मामाच म्हणतात. त्यांना डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. पुतण्या अदबीने म्हणाला, "मामा, हात जरा खाली मांडीवर ठेवा. छातीच्या वरचंच घेतोय."

मामांनी हात खाली ठेवला. थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हात पण पट्टीच्या पलीकडंच ठेवायचा काय?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पुतण्याला तिपाई मागे घ्यायला सांगितलं. कागद काढून घेतला, आणि विचारलं, "मामा, नवा मुलगा आला तर पहिल्या दिवशी काय सांगता?" (पाठ केलेलं बोलण्यापेक्षा प्रश्न विचारावा आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला सांगावं, हेही तेव्हाच शिकले.) मामा त्याच हाताने हवेत ड्रिल दाखवत बोलायला लागले. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. जॉब हातात धरायचा नाही, वाइसमध्ये आवळायचा. "मी मोजे घातले होते. मोज्याचं टोक ड्रिलनं ओढलं, मागनं हात गेला. मोजे मोठ्या मालकांनीच दिले होते, मायेनं. चिप्स लागून हात कापतात म्हणून. तवा आम्हाला कुणाला ठावं नव्हतं."

आमच्या घरात ही हकिकत मी तीस वर्षं ऐकत आले आहे. तिच्यात मामांचं लक्ष नव्हतं, एवढंच असायचं. मोज्यांचा उल्लेख कधीच आला नव्हता. हे दाराशी उभे होते. काही न बोलता बाहेर गेले.

रात्री वाद झाला. "भरतीचा व्हिडिओ आहे की अपघाताचा? कोण येईल हे बघून?" ह्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी म्हटलं, पोराला पाठवायचं की नाही हे आई ठरवते. मशिनवर बोटं जातात हे तिला माहीत असतं. आपण ते लपवतो की सांगतो, एवढंच ती बघणार. हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठेव. पण मिलिंगचं गार्ड काढून ठेवलंय, ते लावल्याशिवाय नको." काम लवकर उरकावं म्हणून ते काढलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. गार्ड लागलं. चाळीस रुपयांची कडीही लागली, आणि दार पट्टीच्या अलीकडे घेऊन मिलिंग आणि तपासणीचा भाग पुन्हा चित्रित केला. पगाराचा आकडाही घातला. "योग्यतेनुसार" ह्या शब्दावर माझा कधी विश्वास बसलेला नाही.

व्हिडिओ शेवटी दीड मिनिटाचा झाला, उभाच, कारण पोरं मोबाईल उभाच धरतात. खाली मराठी आणि कन्नड अक्षरं टाकली. बसमध्ये आवाज बंद ठेवूनच बघतात म्हणे.

फोन एकोणीस आले. प्रत्यक्ष चौघं आले. त्यातला एक चार दिवसांत गोव्याला गेला, दुसऱ्याला पहाटेची बस मिळेना. दोघं आहेत. त्यातला एक खानापूर तालुक्यातला. वडील सोबत आले होते. मी पगार, पीएफ, सुट्ट्या सांगत होते, त्यांचं लक्ष शेडकडे. मध्येच म्हणाले, "ते व्हिडिओतले मामा कुठं आहेत?"

मामांनी मशिन बंद केलं, हात पुसत आले. पोराने नमस्कार केला आणि कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत राहिला. मामांनी त्याच्या मनगटाला हात लावला.

"पहिलं हे कडं काढ," म्हणाले, "आणि वडलांच्या हातात दे."