घरच्या सोड्याचे उपद्व्याप

विकतच्या सोड्यात असतं काय? पाणी आणि वायू. चांगल्या कडक सोड्यात लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, बस्स. एवढ्यासाठी दरवेळी पैसे मोजायचे आणि वर रिकाम्या बाटल्यांचा ढीग सांभाळायचा, हे मला पटेना. हिशोब बरोबर होता. त्यानंतर जे जे केलं ते मात्र बहुतेक चुकलं.

सुरुवात केली ती स्वयंपाकघरातल्या मालावर. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड थेट ग्लासात टाकलं. फसफसलं झकास, पण चव पोट बिघडल्यावर घेतात त्या पुडीची. वायू उडून जातो आणि सोडियम सायट्रेट पाण्यातच राहतं, हा साधा विचार केलाच नव्हता. मग दोन बाटल्या नळीने जोडल्या. एकीत मिश्रण, दुसरीत पिण्याचं पाणी. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून ४४ ग्रॅम वायू निघतो, म्हणजे लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम सोडा पुरावा. पूड कागदी रुमालात गुंडाळून सोडली असती तर वायू सावकाश सुटला असता. मी ती एकदम ओतली. फेस नळीतून चढला आणि पलीकडच्या पाण्यात जाऊन बसला. पुन्हा खारट.

आई म्हणाली, ‘अरे, कोपऱ्यावरून दोन बाटल्या आण नि मोकळा हो.’ मी सिलिंडर आणला.

तोही आधी आग विझवण्याच्या सिलिंडरमध्ये गॅस भरून देणाऱ्याकडून भरून. वायू तोच, पण पाण्याला तेलकट वास यायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पिण्यात जाणारा वायू खाद्य दर्जाचाच हवा. ही काटकसर नव्हतीच, बेपर्वाई होती.

खरा गोंधळ पुढे. सोडा कडक होत नाही म्हटलं की मी रेग्युलेटर पिळायचो. नागपुरातला मे महिना, पाणी माठातलं. बाटलीचं झाकण उघडलं की फुस्स, आणि ग्लासात पोहोचेपर्यंत सगळं थंड. थंड म्हणजे मंद या अर्थाने; पाणी थंड नव्हतं, आणि दुखणं नेमकं तिथेच होतं. साध्या हवेच्या दाबाला २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम वायू विरघळतो, शून्याच्या आसपास तीन ग्रॅमच्या वर. फ्रिजमधल्या गार पाण्याला गाडीच्या चाकात भरतात तसा तीस पाउंड दाब पुरतो. तेवढाच कडक सोडा उन्हाळ्यातल्या बाहेरच्या पाण्यात करायचा तर दाब दुपटीहूनही जास्त लागेल. त्या नादात मी एकदा साध्या पाण्याची पातळ बाटली लावली. तिचा सपाट बुडखा फुगून बाहेर आला आणि ती ओट्यावर डोलायला लागली. तेव्हापासून फक्त सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची जाड बाटली, तीही चरा न पडलेली.

दुसरी खोड हवेची. अर्धी बाटली पाणी, वर अर्धी हवा, आणि त्यात वायू सोडायचा. दाब दिसायचा पुरेसा, पण त्यातला हवेचा वाटा सोड्याच्या काही उपयोगाचा नाही. आता बाटली पाऊणपट भरतो, ती दाबून पाणी गळ्यापर्यंत आणतो आणि तशीच चेपलेली असताना झाकण आवळतो. वायू सोडला की चेपलेली बाटली फटकन ताठ होते. मग गदागदा हलवायची. हे हलवणं मी किती दिवस टाळत होतो! गोटीसोडावाला हातगाडीवरचं चाक गरगर फिरवतो ते उगाच नव्हे. जोसेफ प्रीस्टली १७६७ साली लीड्सच्या दारूभट्टीत आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होता, तोही वायू पाण्यात नीट मिसळावा म्हणूनच.

कोकम सरबतात थेट वायू भरण्याचा पराक्रमही झाला. साखरेच्या पाण्याचा फेस मोडत नाही. झाकण सैल केलं आणि छतावर गुलाबी नक्षी उमटली. बायकोने ती महिनाभर पुसू दिली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. आधी सोडा, सरबत नंतर, तेही ग्लासाच्या कडेने. काळं मीठ टाकायचं तर चिमटीने, कारण एकेका कणाभोवती वायू उसळून बाहेर पडतो.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सिलिंडरच्या तोंडाशी वॉशर बसवायचा राहिला आणि रातोरात सगळा वायू गळून गेला. हा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. बंद खोलीत हे जिवावर बेतू शकतं. नशिबाने स्वयंपाकघराचं दार अंगणात उघडतं आणि ते उघडं होतं. आता दर वेळी जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो. वायू किती उरलाय यासाठी दाबाच्या काट्यावरही विसंबत नाही. आत द्रवरूप वायू आहे तोवर काटा जागचा हलत नाही, आणि ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात तर काटा भलतंच सांगतो. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. तो वजनकाट्यावर ठेवायचा आणि वजाबाकी करायची.

पैशाचं विचाराल तर वायू खरंच कवडीमोलात पडतो. सिलिंडर, रेग्युलेटर आणि छताचा रंग धरला तर मात्र कोपऱ्यावरचा सोडा अजून स्वस्त आहे. अचानक पाहुणे आले की तोच आणावा लागतो, कारण फ्रिजमध्ये पाणी लावून ठेवायला मी अजूनही विसरतो.