गाडी बदलून देणारं मनमाड

मनमाड जंक्शनचा स्वभाव घरातल्या थोरल्या आत्याचा आहे. आल्यागेल्याची विचारपूस करायची, कुणाची गाडी कुठल्या फलाटावर ते सांगायचं, हातात चहा द्यायचा आणि मुक्कामाचा आग्रह मात्र धरायचा नाही. मुंबईकडून आलेला इथे उतरून दौंडची गाडी धरतो, नांदेडकडून आलेला भुसावळची. दक्षिणेला अनकाई-टंकाईचे जोडकिल्ले, जवळच हडबीच्या शेंडीचा सुळका, आणि गावाला पाण्याची जन्माची ओढ. या कोरड्या माळावर 1878 मध्ये दौंडचा रेल्वेमार्ग मुंबई-भुसावळ मार्गाला येऊन मिळाला. पुढे निजामाच्या मुलखातली मीटर गेजही आली. तेव्हापासून मनमाड लोकांना गाडी बदलून देतं आहे.

अशा वाटसरूंपैकी माझ्या मनात कायमचे राहिलेले म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत आपल्याला ते फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयातले शिक्षक टिळक मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यांच्या आयुष्याचा नकाशा मांडला की मनमाड मधोमध येतं. नाशिककडून नागपूर-राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग इथूनच जातो, आणि नगरची वाट इथूनच फुटते. पहिल्या वाटेवर त्यांना ख्रिस्त भेटला, दुसऱ्या वाटेने विद्यार्थी भेटले.

राजनांदगावच्या गाडीतली ती भेट 1893 मधली. डब्यातल्या एका पाश्चात्य सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी पुस्तक उघडलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर नगर.

नगरच्या त्या वर्गात बहुतेक तरुण खेड्यापाड्यांतल्या, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्या वस्त्यांतून आलेले असत. त्यांना शिकवायला उभा राहिला कोकणातल्या करजगावचा, 1861 मध्ये चित्पावन घरात जन्मलेला, संस्कृतात मुरलेला कवी. वेशीच्या आतला आणि बाहेरचा एकाच ग्रंथावर डोकं टेकून बसले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ख्रिस्ती देवळात मिशनऱ्यांची भाषांतरित गीतं परदेशी चालींवर म्हटली जात. टिळकांनी तिथे ओवी आणली, अभंग आणला, कीर्तन उभं केलं. ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपली भाषा, आपले संत, आपला देश मागे टाकू नये, हा त्यांचा खरा पाठ होता. मला तर वाटतं, मराठी ख्रिस्ती धर्मशिक्षणाला त्यांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच. त्यांची शेकडो गीतं आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायली जातात.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या बोलण्याची गोडी अधिक कळेल. गर्डर दोन्ही काठांवर टेकलेला असतो. एक काठ सोडला तर तो नदीत. टिळकांनी कुठलाच काठ सोडला नाही. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळताना नाही, आणि शेवटच्या वर्षांत मिशनचा पगार सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला तेव्हाही नाही.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट मात्र फार कठीण होती. नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी त्यांच्यावर कोसळली, आणि पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नाशिककडून नगरला रेल्वेने जायचं म्हणजे मनमाड, येवला, कोपरगाव, राहुरी असा मार्ग. अंतर काही तासांचं, पण सोवळं सुटायला आणि मन वळायला वर्षं लागली. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे त्यांनीच पूर्ण केलं.

1907 च्या जळगावच्या कविसंमेलनालाही टिळक होते. नगरहून जळगावला रेल्वेने जायचं तर मनमाडवरूनच जावं लागतं. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा कोवळा मुलगा बालकवी झाला, आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले. आपल्या देहाला अग्नी द्यावा, ही त्यांची इच्छा होती.

नगरच्या गाडीसाठी मनमाडला तास-दोन तास थांबावं लागणाऱ्या प्रत्येकाने पिशवीत लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ठेवावं. आणि रेल्वेने दौंडकडच्या फलाटावर टिळक पतिपत्नींच्या नावाची, ठळक मराठी अक्षरांतली एक पाटी लावावी.