हात सगळ्यात शेवटी

६ एप्रिल २०२५, रविवार

जूनपासून दर आठवड्याला रत्नागिरीला जायचे ठरले. आईचे वय झाले आहे आणि तिला तिचे घर सोडायचे नाही. कोल्हापूरहून रस्ता मलकापूर, आंबा, साखरपा, पाली असा. मधे आंबा घाट. पावसाळ्यात तिथे धुके उतरते आणि काही टप्प्यांत फोनची रेंज जाते. माझी गाडी २००८ सालची मारुती ८००. पहिल्या दिवसापासून मीच चालवते, पण बोनेटखालचे सगळे आजवर दुसऱ्यांच्या हवाली होते. घाटात ते दुसरे कोणी असणार नाही.

शिवाजी उद्यमनगरात एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. रविवारी सकाळी शिकवायला ते तयार झाले. मी पाना मागितला तर म्हणाले, "ताई, पाना कुठं पळून जातोय? गाडी बंद पडली की आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग ऐकायचं. हात सगळ्यात शेवटी."

म्हणून आज फक्त बघणे. बॅटरी, रेडिएटर, त्याच्यामागचा विजेवरचा पंखा, कूलंटची बाटली, ब्रेक ऑईलची डबी, इंजिन ऑईलची काडी, एअर फिल्टर. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, म्हणून प्लगही तीन. एकेका वस्तूवर बोट ठेवून तिचे नाव आणि काम मी सांगायचे, चुकले की वस्ताद थांबवायचे.

१३ एप्रिल, रविवार

चाक बदलणे. यातले शहाणपण सगळे क्रमात आहे. गाडी सपाट आणि टणक जागी घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, जे चाक काढायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावायचा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. हवेत उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरते आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. जॅक दाराखालच्या कडेवर खाचा असतात तिथेच. नवे चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आवळत जायचे, म्हणजे चाक सरळ बसते. गाडी खाली उतरवली की शेवटचा जोर द्यायचा, आणि काही किलोमीटर गेल्यावर परत एकदा पाना लावून बघायचा.

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालायचे नाही. वस्तादांनी हे एकदाच सांगितले, पण ते सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

टायर वाचायलाही शिकले. बाजूवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली आणि टायर कायद्यानेही संपला. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायचे काम ही नक्षीच करते, तेव्हा माझ्या मागच्या दोन टायरांची मुदत जूनच्या आधीच भरली. स्टेपनीतली हवा निम्म्यावर आली होती.

२० एप्रिल, रविवार

बॅटरी. चावी फिरवल्यावर नुसते कट-कट वाजते आणि सेल्फ फिरत नाही, याचा अर्थ बहुतेकदा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल नीट धरत नाही. दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते तेव्हा एका गॅरेजने मला थेट नवी बॅटरी घ्यायला लावली. आज टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट थर बघितल्यावर कळले, त्या वेळी आधी काय तपासायला हवे होते.

दहाच्या पान्याने आधी ऋण टर्मिनल काढायचे, लावताना ते शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा ऋण बाजूला जोडलेला असतो. धन टर्मिनल सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. थर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतला, टर्मिनल कोरडे केले, घट्ट आवळले, वरून व्हॅसलीन लावले.

मीटर लावून आकडेही घेतले. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली तर ती उतरली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. तसे दिसत नसतील तर दोष आल्टरनेटरकडे किंवा त्याच्या बेल्टकडे शोधायचा. शंभर रुपयांची शंका आणि काही हजारांचा खर्च यांच्यामध्ये हा एवढासा मीटर उभा असतो.

२७ एप्रिल, रविवार

आज फ्यूज. लाल १० अँपियरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या फ्यूजची आतली तार तुटलेली दिसते. जेवढ्या अँपियरचा होता तेवढ्याचाच घालायचा. मोठा घातला तर फ्यूज टिकतो आणि वायर जळते. प्रत्येक रंगाचे दोन-दोन घेऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले.

४ मे, रविवार

इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर बदलला. खड्ड्यावर गाडी, खाली वस्तादांचा शागीर्द, वर मी. इंजिन थोडे गरम असताना ऑईल सोडले तर ते पातळ असते आणि गाळ घेऊन येते. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने ऑईल लावायचे आणि तो हातानेच आवळायचा. ड्रेन बोल्टचा वायसर नवा. या बोल्टवर पान्याचा अति जोर लावला की आटे जातात आणि साधे काम मोठ्या खर्चाचे होते. किती जोर पुरे, हे वस्तादांनी माझ्या मनगटावर हात ठेवून दाखवले. पुस्तकातून ते मला कधी कळले नसते.

काडीवरचे ऑईल काळे असणे ही काळजीची गोष्ट नाही, ते मळ धरून ठेवण्याचे काम करते आहे. दुधाळ दिसले तर मात्र गाडी चालू करायची नाही. ऑईलमध्ये पाणी मिसळले आहे, बहुधा हेड गॅसकेट गेले आहे.

काढलेले ऑईल शागिर्दाने बंद डब्यात भरून ठेवले. वापरलेले ऑईल हा घातक कचरा आहे आणि गटारात गेले की ते पुढे नदीत जाते. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

११ मे, रविवार

पाना बाजूला. दिवसभर वास आणि आवाज.

गोडसर वास आला तर कूलंट गळते आहे. चढावर करपल्यासारखा वास आला तर क्लच, बहुधा पाय क्लचवर ठेवून चालवल्यामुळे. प्लॅस्टिक जळल्याचा वास आला तर थांबायचे आणि बॅटरीची ऋण वायर काढायची. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद, सगळ्यांनी खाली उतरायचे.

सुरू होताना चीं करून ओरडतो तो बेल्ट. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टक-टक वाजतो तो एक्सलचा जॉइंट. ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपले. वस्ताद गाडी गॅरेजच्या दारात वळेपर्यंत निम्मा रोग ओळखतात. चाळीस वर्षांचा तो कान मला येणार नाही, पण माझ्या एका गाडीचा नेहमीचा आवाज मी पाठ करू शकते. त्यात काही नवे वाजले की कळेल.

१८ मे, रविवार

सुटे भाग घ्यायला वस्तादांबरोबर दुकानात. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले, तरी भाग सहज मिळतात. इतकी वर्षे इतक्या घरांत चालली, म्हणून तिच्यामागे अख्खा बाजार उभा राहिला. दुकानदार विचारतो, "कंपनीचा देऊ का लोकल?" वस्तादांचा नियम: आरसा, पायपुसणे, दाराची मूठ लोकल चालेल. फिल्टर, बेल्ट आणि ब्रेकमध्ये काटकसर नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून शनिवारी केरळात पोचला आणि आज मुंबईत. जून गृहीत धरून केलेली आखणी आता आठवड्यात उरकायला हवी. वायपरची रबरे बदलली, सगळे दिवे तपासले. काच आतून धुकते तेव्हा एसी लावायचा, तो हवेतला दमटपणा काढतो.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या एका चावीत इंजिन जाते. गाडी ढकलून बाहेर काढायची आणि फिटरला बोलवायचे.

१ जून, रविवार

ब्रेक. आज मी फक्त बघितले, काम वस्तादांनी केले. पुढे डिस्क आणि पॅड, मागे ड्रम आणि लायनर. पॅडची जाडी डोळ्यांनी मोजायला शिकले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते ब्रेक ऑईल. ते हवेतले पाणी हळूहळू शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १४० वर येते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की उष्णता ऑईलपर्यंत पोचते, ते उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जाते, गाडी थांबत नाही. घाटातल्या "ब्रेक फेल"च्या बातम्यांमागे अनेकदा हेच असते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलायचे, आणि उतारावर दुसऱ्या गिअरला इंजिनवर गाडी धरायची. ज्या गिअरने चढ चढलो त्याच गिअरने उतरायचे, असे जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

ब्रेक स्वतः उघडायचे का, असे मी विचारले. वस्ताद म्हणाले, "न्हाई. बघायचं तुम्ही, उघडायचं आम्ही. ह्यात परत संधी मिळत न्हाई." ही सीमा मला पटली. वहीत आता दोन रकाने आहेत: माझे काम आणि वस्तादांचे काम.

८ जून, रविवार

काल घाट उतरले. दुसरा गिअर, ब्रेक थोडा-थोडा मारून सोडलेला. साखरप्याला थांबून चाकांजवळ वास घेतला, करपलेले काही नव्हते. आईच्या अंगणात गाडी लावली आणि ताठ उतरले.

६ जुलै, रविवार, आषाढी

परतताना साखरप्यावरून चढ चढते वेळी तापमानाचा काटा वर गेला. जागा बघून बाजूला घेतले, इंजिन बंद केले. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते आणि झाकण सैल झाले की उसळून अंगावर येते. बघितले: बाटलीत कूलंट पुरेसे. वास: गोडसर नाही, म्हणजे गळती नाही. ऐकले: चावी दिल्यावर पंख्याचा आवाज नाही. मग हात. पंख्याचा फ्यूज उडाला होता. तेवढ्याच अँपियरचा नवा लावला, पंखा क्षणभर घुर्रर्र करून थांबला आणि फ्यूज परत उडाला.

पुढचे काम माझ्या रकान्यातले नव्हते. कप्प्यात मोठा फ्यूज होता, तो लावायचा नाही हे ठाऊक होते. गाडी निवू दिली. एसी बंद, हीटर पूर्ण उघडला, कारण हीटर इंजिनची उष्णता ओढून आत टाकतो. काटा चढला की थांबत, उतरला की निघत आंब्याला पोचले. तिथून वस्तादांना फोन केला आणि काय दिसले, काय ऐकले, काय करून पाहिले, ते क्रमाने सांगितले. ते म्हणाले, "मोटर जाम झालीया. घेऊन येतो."

मोटरच निघाली. जाम मोटर जास्त करंट ओढते, म्हणून फ्यूज उडत होता. वस्ताद भाग बरोबर घेऊनच आले, दुसरी फेरी पडली नाही.

२० जुलै, रविवार

शिकवणी संपली. मी फिटर झाले नाही आणि व्हायचेही नव्हते. गाडीची दुरुस्ती शिकणे म्हणजे नवख्यासाठी मुख्यतः चार गोष्टी: रोजची तपासणी, चाक, बॅटरी-फ्यूज, आणि फिटरला नेमके सांगता येणे. एवढे कोणालाही येऊ शकते. त्याला ताकद कमी आणि क्रम जास्त लागतो. लायसन्स काढताना आपल्याला आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, चाक बदलून दाखवावे लागत नाही. ते लागायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर घाटात जाणाऱ्या प्रत्येकाला, आणि बायकांना आग्रहाने, सांगणे एवढेच: येत्या रविवारी डिकी उघडा, स्टेपनीची हवा तपासा, आणि घरासमोरच्या सपाट जागेवर स्वतःच्या हाताने एकदा चाक काढून परत बसवा.