बासीम आणि बेसीन

इंग्रजी अमदानीतील जुन्या कागदपत्रांत आमच्या दोन्ही गावांची नावे सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. आज आम्ही उभयतां जिथे राहतो त्या वाशीमला साहेबलोक 'बासीम' म्हणत आणि जिथे आम्ही जन्मलो त्या वसईला 'बेसीन'. १९०५ पर्यंत बासीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हाही होता. पुढे तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. त्याच वर्षी, २२ मे रोजी, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला होता. नावाचे आणि सालाचे हे योगायोग सोडले, तर या दोन गावांत साम्य ते काय? येथे वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, बालाजीचे देऊळ, काळी जमीन, सोयाबीन आणि तूर; तेथे खारा वारा, केळीच्या नि पानवेलींच्या वाड्या आणि पहाटेच्या मिस्सेची घंटा.

चोवीस वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने आम्ही वाशीमला आलो. येथे आम्हां कॅथलिकांची मोजकीच घरे. त्यांतली काही केरळची, काही मंगळूरची, काही येथलीच. "भाऊ, तुमचं गाव कोनतं म्हनता?" असे कोणी विचारले की 'वसई' हा शब्द आमच्या तोंडून किंचित अभिमानानेच निघे. तो अभिमान किती स्वस्तातला होता, हे गेल्या जानेवारीत आम्हांला कळले.

धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. वडिलोपार्जित वाडी विकायची ठरत होती. आमची सही हवी होती. आमचा पहिला उद्गार संतापाचा होता. "वाडवडिलांची जमीन विकायची?" पलीकडून काही क्षण शब्द आला नाही. मग बंधू शांतपणे म्हणाले, "तुम्ही एकदा येऊन बघा."

फेब्रुवारीत आम्ही अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी टेकून चहा घेतल्यावर, पाय आपोआप किल्ल्याकडे वळले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढील दोन शतकांत या तटांच्या आत चर्च, मठ, हवेल्या उभ्या राहिल्या. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला आणि ते वैभव ओसरले. येथल्या चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकर आणि वाईजवळील मेणवली येथील घंटा त्यांपैकीच असल्याचे सांगतात. ज्या घंटेने आमच्या पूर्वजांना मिस्सेला बोलावले, ती आज दुसऱ्या कोणाला आरतीला बोलावत असेल. बालपणी हे ऐकून आम्हांला वाईट वाटे. आता वाटते, घंटा मुकी झाली नाही, हेही काही थोडे नाही.

तट पडले, पण तटाबाहेरच्या वाड्यांतून जपमाळ थांबली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी अशा नाना बोली बोलणारी ही माणसे आपापल्या बोलीतच देवाजवळ गाऱ्हाणे घालत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, तेव्हा ती त्यांना परकी वाटली नाही. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी वाशीममध्ये आम्ही शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. २५ जुलै २०२४ रोजी फादर प्रभूघरी गेले. वसईचा हिरवा पट्टा वाचावा म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या 'हरित वसई' चळवळीच्या अग्रभागी तेच होते, हेही किल्ल्यातून परतताना आठवले आणि मान खाली गेली.

किल्ल्यात आम्ही ज्या भग्न मंदिरापाशी थांबलो, ते येशूसंघीयांचे. लोक त्याला संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखतात. १५५७ च्या सुमारास गोन्सालो वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथली भाषा शिकला, पण संघात काही प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला आणि फिरत फिरत फिलिपिन्समधील मनिला गाठले. तेथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ साली मनिलाहून जपानला निघालेल्या पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो दुभाषी म्हणून गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ साली तो संतपदाला पोहोचला.

मनिलाही आमच्या वसईसारखेच समुद्राकाठचे, तटबंदीचे शहर. १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ते आपल्या सत्तेचे ठाणे केले. जुन्या शहराचे नावच मुळी 'इंत्रामुरोस', म्हणजे 'भिंतींच्या आत'. १९४५ च्या लढाईत त्या भिंतींच्या आतले बहुतेक सारे जमीनदोस्त झाले. सतराव्या शतकारंभीचे संत ऑगस्टीनचे मंदिर तेवढे तगले. तरीही नाताळापूर्वी नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सेला जाण्याची तेथली रीत मोडली नाही. मनिलाचा पहिला संत लोरेन्झो रुईझ हाही १६३७ साली नागासाकीलाच हुतात्मा झाला. दोन बंदरे, दोन सुपुत्र, आणि दोघांचेही मरण तिसऱ्याच किनाऱ्यावर!

संध्याकाळी ओट्यावर बसून हे सारे आम्ही बंधूंना मोठ्या उमाळ्याने सांगितले. शेवटी म्हणालो, "बघा, गाव सोडलेला माणूसच गावाचा संत झाला."

बंधू पायांची माती झटकत होते. हसून म्हणाले, "खरं आहे, दादा. पण गोन्सालोने मनिलाहून इथल्यांना 'वाडी विकू नका' असा निरोप नव्हता धाडला."

आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी वाडी पाहिली. विहिरीचे पाणी मचूळ झालेले. वाडीकामाला माणूस मिळत नाही. चारी बाजूंनी इमारती. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती बारा लाखांवर गेली. या लोंढ्यात गुडघाभर पाण्यातून दर पावसाळ्यात वाडी राखली ती बंधूंनी आणि आमच्या भावजयीने. आम्ही काय राखले? आठवणी. आणि आठवणींना ना खत लागते, ना मजुरी. चोवीस वर्षांत वाडीच्या खर्चाचा एक पैसा आम्ही दिला नव्हता, की बंधूंनी कधी मागितला नव्हता.

त्या रात्री जपमाळेनंतर आम्ही सारी भावंडे बसलो. रस्त्याकडचा तुकडा द्यायचा ठरले. विहीर, तिच्यालगतची केळी आणि आजोबांनी उभारलेला क्रूस एवढा भाग सर्वांच्या नावे राहील. त्याच्या खर्चाचा वाटा आम्ही दरमहा पाठवू. आम्ही सही केली. हात थरथरला, हे नाकारत नाही. पण मनावरचे एक जुने ओझेही उतरले.

निघताना बंधूंनी केळीचे दोन मुनवे गोणपाटात बांधून दिले. एक वाटेतच सुकला. दुसरा आमच्या अंगणातल्या काळ्या मातीत रुजला आहे. ऑक्टोबरात आमच्याकडे जपमाळ असते. मल्याळम, कोकणी, मराठी अशा तीन भाषांतून 'नमो मारिया' उमटते, आणि शेजारच्या आजीही पदर सावरून दाराशी बसतात. यंदा बंधूंनी सुकेळ्यांचा पुडा धाडला होता. प्रार्थनेनंतर तो वाटताना आजींनी एक सुकेळे तोंडात टाकले आणि विचारले, "हे तुमच्या गावचं व्हय?"

"हो," आम्ही म्हणालो. यंदा ते म्हणताना जीभ अडखळली नाही. त्या महिन्याचा आमचा वाटा आदल्या दिवशीच वसईला रवाना झाला होता.