नाक्याच्या दोन बाजू

सीमाभागात जन्मलेल्या माणसाला 'सीमा' हा शब्द बाळगुटीबरोबरच मिळतो. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, पुढे महाजन आयोग आला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. सभा, मोर्चे, काळा दिन हे सारे आमच्या पिढीने पाहिले. तरीही खरे सांगायचे तर ती रेषा रोजच्या जगण्यात फारशी आडवी आली नव्हती. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की बाची संपते आणि शिनोळी येते. एक गाव कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. पण पलीकडच्या शेतकऱ्याचे दूध बेळगावात, त्याचे दुखणे बेळगावच्या दवाखान्यात आणि त्याच्या लेकीचे सासर अलीकडच्या गावात. कुणाचे घर इकडे तर जमीन तिकडे. आमच्या हायस्कुलातही पलीकडची मुले सायकलने, वडापने येत. ती कुठल्या राज्यातली, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये नकाशावरची ही रेषा जमिनीवर उतरली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मोठ्या रस्त्यावर नाका बसला, आडवाटांवर मातीचे ढीग पडले. १८ मे रोजी कर्नाटक सरकारने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेशबंदी केली. मुंबई-पुण्यात तेव्हा रुग्ण झपाट्याने वाढत होते, त्यामुळे हुकूम निष्कारण होता असे मी म्हणणार नाही. पण तो राज्याच्या मापाने निघालेला हुकूम होता. मुंबईहून येणारा चाकरमानी आणि शिनोळीहून दुधाचे कॅन घेऊन येणारा गवळी, दोघेही कागदावर सारखेच 'परराज्यातले' झाले.

माणसाच्या मनावर शिक्क्याचा परिणाम किती लवकर होतो, हे मी त्या दिवसांत पाहिले. ज्यांच्या पंक्तीला जेवलो, त्यांनाच आमची माणसे 'तिकडची' म्हणू लागली, आणि तिकडे आम्हाला. एका पालकाने फोनवर विचारले, "सर, आमी कालपतोर तुमचीच माणसं हुतो. आज परमुलखातली झालो काय?" त्यांची मुलगी दहावीला होती. २७ मार्चला सुरू व्हायची परीक्षा अखेर २५ जूनला सुरू झाली. हॉल तिकीट हातात धरून पोर नाक्यातून अलीकडे आली. बाप दोरीपलीकडे, पेपर सुटेपर्यंत उभा. आमच्या शाळेच्या शिपायाची थोरली बहीण पलीकडच्या गावात वारली. अंतर दोन कोसांचेही नव्हते, पण पास मिळेपर्यंत माती झाली होती. तो तिसऱ्या दिवशी कामावर आला आणि न बोलता घंटा देऊन गेला.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांकडून प्लेगाच्या गोष्टी ऐकलेल्या. उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून शिवारात खोपी घालत आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहत. तीही एक प्रकारची बंदीच. पण ती गावाने गावासाठी ठरवलेली. शेजारी खोपीतही शेजारीच राहत असे. उलट १८९७ साली पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा लोकांना रोगापेक्षा तपासणीची धास्ती वाटली. त्या संतापातूनच २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा झाला होता. २०२० साली देशभर हुकूम निघाले, त्यांत त्याच कायद्याचा आधार होता. त्यात सरकारचे अधिकार आहेत. लोकांना विचारून ठरवावे, असे कुठे नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तोच नाका, आता आरटीपीसीआरच्या दाखल्यासह. रोजंदारीवर येणाऱ्या गवंड्याने दाखला आणायचा कुठून आणि किती वेळा? त्या वर्षी दहावीची परीक्षा जुलैत दोन दिवसांत आटोपली. मुले पास झाली. पण त्याआधीचे वर्ष मोबाईलवर गेले, आणि ज्यांच्या घरी मोबाईल एकच, तो बापाबरोबर कामावर जाई, त्यांचे तेही गेले.

आता नाका उठला आहे. दूध येते, भाजी गोव्याला जाते, लग्नेही जमतात. मात्र शाळेच्या दप्तरात एक फरक राहिला आहे. पलीकडून येणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. एका जाणत्या पालकाला मी विचारले, तर ते म्हणाले, "सर, शाळा तुमचीच चांगली. पन पुन्ना बंद झालं तर पोरानं जायाचं कुठं?" त्यांना मी काय सांगणार? मराठी शाळांना या भागात आधीच मुले मिळेनाशी झाली आहेत. त्यात ही गळती.

साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा बंदी घालावी लागली तर जरूर घालावी. पण त्याआधी बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या कलेक्टरांनी एका टेबलावर बसावे, सीमेवरच्या गावांचे सरपंच, डॉक्टर, मास्तर यांना बोलवावे, आणि कोणाची जमीन, कोणाचा दवाखाना, कोणाची शाळा पलीकडे आहे, याची यादी आधीच करून ठेवावी. एवढी यादी करायला फार तर आठवडा लागेल. आमच्या शाळेपुरती ती मी करून ठेवली आहे.